मधला मजला आणि चिनारच्या पानांची ओळख

बिस्मिल्लाह. मी साजा, मरहूम रहमान डार यांची बायको, राहणार नूरबल मोहल्ला, श्रीनगर, धंदा पानांचा कोळसा. वय नक्की ठाऊक नाही. मोठा पूर आला त्या साली मी आईचं बोट सोडून चालत होते, ज्याला मोजायचं त्याने त्यावरून मोजावं. डोकं ठिकाणावर आहे. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, पण मृत्युपत्र डोळ्यांनी करत नाहीत. मला कुणी धाक घातलेला नाही, तशी कुणाची छातीही नाही. लिहिता येत नाही म्हणून असदुल्ला अर्जनवीस लिहून घेत आहे. मी बोलेन तेच त्याने लिहावं, सुधारू नये, या अटीवर त्याला चहा पाजला आहे.

१. घर. हे तीन मजली घर माझ्या बापाचं. त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्याने मला घरजावई आणून दिला आणि घर माझ्या नावावर केलं. मला दोन मुलगे झाले. थोरला मंजूर, शालींचा व्यापारी, हयात आहे. धाकटा अयूब सहा वर्षांपूर्वी वारला. त्याची बायको अफरोजा आणि मुलगी सीरत, वय अकरा, माझ्यापाशी राहतात.

आमच्या शरियतप्रमाणे बापाआधी किंवा आईआधी मुलगा गेला आणि दुसरा हयात असला, तर गेलेल्याच्या लेकराला वारसा पोचत नाही. म्हणजे मी डोळे मिटले की सगळं घर मंजूरचं. गेल्या ईदला तो जेवताना म्हणाला, "मोजी, मधल्या मजल्यावर शालींचं गोदाम छान होईल. आणि अफरोजाला सोपोरला माहेर आहेच की." वाईट मनाने नाही म्हणाला. दुकानदार जागा बघून बोलतो तसं बोलला. पण सीरतच्या हातातला घास हातातच राहिला, तो मला आंधळीलाही दिसला.

मी शरियतशी भांडत नाही. पण त्याच शरियतमध्ये असंही आहे, की जो वारस नाही त्याला एक तृतीयांशापर्यंत देता येतं. मजले तीन आहेत. म्हणून मधला मजला, रस्त्याकडच्या खिडकीसकट, मी अफरोजा आणि सीरत यांना समान देते. उरलेलं मंजूरचं.

२. अफरोजालाच का, हे मोहल्ल्यातले विचारतील, कारण बारा वर्षं मी तिला त्यांच्यादेखतच बोलत आले. तर कारण लिहून ठेवते.

लग्नानंतरच्या पहिल्या शरदात मी तिला पानं गोळा करायला पाठवलं. सोपोरच्या मास्तरची मुलगी, हातात झाडू कधी धरलेला नाही. तीन पोती भरून आणली आणि म्हणाली, "बघा, सगळ्यात लाल तेवढीच निवडली." मी त्या दिवशी तापाने पडलेली, पोती न उघडता कोळसा करायला सांगितला. ती पानं चिनारची नव्हतीच. बागखात्याने नव्या रस्त्याला मेपल लावले आहेत, त्यांची होती. त्या शुक्रवारी मशिदीत प्रत्येकाच्या फेरनाच्या झग्याखालची निखाऱ्यांची कांगडी नमाज संपायच्या आत विझली. रोट्या भाजणारा सोनाउल्ला नानवाई दारात उभा राहून ओरडला, "साजा देद, कोळसा विकतेस की थंडी?" त्यानंतर मी अफरोजाला नावाने हाक मारली नाही. "लालभुली" म्हणत आले. चारचौघांत, तिच्या लेकीदेखत, अयूबच्या चाळिसाव्यालासुद्धा.

आता गेल्या वर्षीचं. डोळे अधू झाले तरी मी हट्टाने पानं गोळा करायला गेले. मला सगळंच तांबूस दिसत होतं. चार पोती भरून आणली आणि दोन दिवस नात्यात मयतीला गेले. परत आले, कोळसा केला, विकला. कुणाची तक्रार नाही. मी फुशारकी मारली, "बघ लालभुली, डोळे नसले तरी हात विसरत नाहीत." अफरोजा चहा ओतत राहिली.

या उन्हाळ्यात सीरत माझ्याशी भांडली आणि रागाच्या भरात बोलून गेली, "देद, तुझ्या चार पोत्यांत अडीच पोती मेपल होता! अम्मीने दोन दिवस बसून एकेक पान चाचपलं, मेपल वेगळा काढला आणि तेवढा चिनार पुन्हा भरून आणला. मला म्हणाली, देदला सांगशील तर बघ."

मी अफरोजाला विचारलं, "खरं का?"

ती म्हणाली, "पोरीच्या तोंडाला कुलूप नाही."

"मला का नाही बोललीस? बारा वर्षांचा सूड एका वाक्यात निघाला असता."

"तुमचं नाव गेलं असतं, आणि मग घरात दोन लालभुल्या झाल्या असत्या. एक पुरे आहे."

मी माफी मागायला शिकलेले नाही. हा मजला आहे.

३. झाडं. पुलापासून पीरसाहेबांच्या दर्ग्याच्या वळणापर्यंतची चौदा झाडं माझ्या वाट्याची आहेत. त्यांच्याखालची पानं अफरोजा आणि सीरत यांनी झाडावी. असदुल्ला इथे थांबला आणि म्हणाला, "देद, झाडं सरकारची आहेत." झाडं सरकारची, पानं माझी. चाळीस वर्षांत सरकार झाडू घेऊन आलेलं मी पाहिलं नाही.

या चौदांतली आठवी जागा शेजारची फाता आपली म्हणते. ती खोटं बोलते. तरी तिच्या गुडघ्यांकडे बघून त्या एका झाडाखालची पानं तिला देते, आणि दोन दात मोडलेलं माझं दाताळंही. चांगलं दाताळं अफरोजाचं.

४. ओळख. ही मालमत्ता नाही, असं असदुल्लाचं म्हणणं. लिही म्हटलं. सीरतला देते.

सफेदा एका आठवड्यात सगळा पिवळा होतो, घाई असल्यासारखा. पान लहान, देठ चपटा, वारा नसतानाही थरथरतं. त्याच्या कोळशाची लगेच राख होते, त्याने फक्त पेटवण करावं. वीरीचं, म्हणजे आपल्या कांगडीची टोपली जिच्या काडीची विणतात तिचं, पान बोटासारखं लांब, फिकट पिवळं, सगळ्यात शेवटी पडतं. अक्रोडाचं पान काळवंडून पडतं, आणि हाताला वास दोन दिवस राहतो.

मेपल आणि चिनार यांत शहाणे फसतात, कारण दोन्ही पंजासारखी. रंगावर जाऊ नये. मेपल अख्खा एकदम लाल होतो, नवरीसारखा. चिनार सवडीने बदलतो: एकाच पानात कडेला तांबं, मध्ये पिवळं, शिरेजवळ अजून हिरवं. मग गंजासारखा होतो, आणि शेवटी निखाऱ्यासारखा. पण हेही डोळ्यांचं झालं. डोळे जातील तेव्हा देठाचं बूड चाचपावं. चिनारच्या देठाला खाली पोकळ टोपी असते. पुढच्या वर्षीचा कोंब तिने झाकून ठेवलेला असतो, आणि तो बाहेर ढकलू लागला की पान गळतं. मेपलला टोपी नाही. सीरत, ही खूण मी तुला शिकवली असं तू सगळ्यांना सांगतेस. तुझ्या आईला मात्र मी ती कधी शिकवली नव्हती. तिने ती स्वतः शोधली.

५. चहाचा तांब्याचा समोवार मंजूरचा. त्याची तोटी गळते, हे त्याला माहीत आहे.

६. आज मंजूरला बोलावून हे सगळं वाचून दाखवलं. दिलेलं तिसऱ्या हिश्श्याच्या आत आहे, त्याची परवानगी लागत नाही. पण मागून भांडण नको. मंजूर म्हणाला, "मोजी, मधला मजला दिलास. चूल कुठली?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"वर धुरांडं नाही. चिल्लेकलानच्या कडाक्याच्या चाळीस दिवसांत त्या दोघी काय बर्फ चघळून राहणार?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला चांगलंच ऐकून घ्यावं लागलं. मग त्याने असदुल्लाच्या हातातली लेखणी घेऊन स्वतःच्या अक्षरात खाली लिहिलं: तळमजल्याचं स्वयंपाकघर अफरोजा आणि सीरत यांचंही राहील.

असदुल्ला म्हणाला, "मंजूरभाई, हे तिसऱ्या हिश्श्याच्या वर जातं. त्याला वारसाची संमती लागते, आणि ती देदच्या पश्चात दिलेलीच धरतात. आज दिलेली मोजत नाहीत."

मंजूर म्हणाला, "मग तेव्हा परत देईन."

जसं म्हणाला तसं लिहून घेतलं आहे.

वरील सर्व मजकूर मला दोनदा वाचून दाखवला, मी दोन्ही वेळा ऐकला, आणि तो माझाच आहे.

डाव्या हाताचा अंगठा: साजा

साक्षीदार: सोनाउल्ला नानवाई, नूरबल मोहल्ला
साक्षीदार: हबीब मास्तर, निवृत्त शिक्षक, नूरबल मोहल्ला
वारस: मंजूर अहमद डार
लिहिणार: असदुल्ला, अर्जनवीस

श्रीनगर, १९ नोव्हेंबर २०११