भरलेल्या बोडीवरचं मोजमाप

बाबा,

विहाराच्या जागेवर यंत्र ठेवून मी जमीन मोजली. हे तुम्हाला सांगावंसं बरेच दिवस वाटत होतं, पण हात धजत नव्हता, कारण मोजायची होती ती तुमचीच जमीन. कागदोपत्री ती वस्तीची आहे. पण गावाच्या उतारावरची ती बोडी, तळ्याच्या पोटचं पिल्लू म्हणावं एवढी लहान, पाणी धरायचं सोडून बेशरमाच्या झुडपांनी भरलेली, तीच विहारासाठी घेऊ हा आग्रह तुमचा होता. चांगली जागा कुणी देत नव्हतं. मग एक अख्खा उन्हाळा वरठीच्या कारखान्यातली पाळी संपवून, सायकल भिंतीला टेकवून तुम्ही आणि तुमचे जोडीदार कावडीनं माती वाहत होतात. मी लहान होते, कावडीच्या मागे मागे चालायची, आणि तुम्ही न वळता ओरडायचा, "मांगं हो पोरी, पायात येशीन." ती बोडी भरली, तिच्यावर टिनाचं शेड उभं राहिलं, आणि त्याच शेडसमोर उभं राहून तुमच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी तुम्ही हवेत हात वर करून मला दाखवलंत: खाली बुद्धवंदना, वर पोरांची अभ्यासिका, म्हणजे खालचा आवाज वर जाणार नाही आणि घरात जागा नसलेल्या पोरांना बसायला खोली होईल. तुमचा हात जिथे थांबला होता, तिथे मला जिना दिसला होता.

आता शेड काढून पक्कं विहार बांधायचं ठरलं आहे, दोन मजली, तुम्ही दाखवलं होतं तसंच. मी भंडाऱ्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण गेली काही वर्षं सुट्ट्यांमध्ये मी नागपूरच्या एका संस्थेबरोबर गावोगावची जमीन कशी हलते याचा अभ्यास करते आहे. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तेलंगणाकडून धक्का आला. आपल्याकडे नुसती भांडी वाजली, पण वस्ती घाबरली. तुमचे कारखान्यातले जोडीदार, ज्यांना मी अजून काका म्हणते, ते आता विहार समितीचे अध्यक्ष आहेत. ते घरी आले आणि म्हणाले, "बाई, तू साऱ्या जिल्ह्याची जमीन मोजून राहिली, आपली काहून नाई?"

याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. भरावाची जमीन आणि तिच्याखाली तळ्याचा चिकट काळा गाळ, अशा ठिकाणी काय निघू शकतं याचा अंदाज मला होता.

तुम्हाला ती सकाळ आठवते का? जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाल्यानंतरच्या दिवसांतली, मी बीएस्सीला होते. मांडणीवरची गंज-पातेली वाजली. आई म्हणाली, मालगाडी असेल. तुम्ही हातातला चहा तसाच ठेवून आधी शेडचे खांब बघायला धावलात, घराकडे नंतर पाहिलंत. बाया गोळा झाल्या आणि मी पायरीवर उभी राहून ऐटीत सांगितलं की आता पुन्हा धक्का येणार नाही, घाबरू नका. तुम्ही परत आलात आणि सगळ्यांसमोर मला म्हणालात, "तुले कोनं सांगतलं? ठाऊक नसन तं ठाऊक नाई म्हन. तुह्या भरोशावर कोनी लेकरू घरात निजवन." मी दिवसभर जेवले नाही. संध्याकाळी तुम्ही माझ्यासमोर कागदात गुंडाळलेला हातोडा ठेवलात, कारखान्यातल्या ओळखीच्या लोहाराकडून घडवून घेतलेला, दगड फोडायला. इतका जड होता की कॉलेजच्या सहलीत सर हसले, "हा रुळांना बडवायचा आहे." मी तोच वापरला. अजून वापरते.

तर यंत्र. लहानशा डब्याएवढं असतं, त्याला पितळेचे तीन पाय. ते जमिनीवर टेकवायचं आणि आजूबाजूनं कुणी चालायचं नाही, एवढंच. जमीन कधीच पूर्ण गप्प नसते, बाबा. रस्ता, वारा, मोटारी यांनी ती सतत बारीक हलत असते. ज्या समुद्रावर तुम्ही कधी गेला नाहीत, त्याच्या लाटांची थरथरसुद्धा आपल्या गावाच्या मातीपर्यंत येऊन पोचते. त्या बारीक हालचालीवरून कळतं की ही जमीन कोणत्या ठेक्यात डोलायला बघते.

काकांनी यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या. "कवा येनार हाय मंग भुकंप?"

"ते सांगता येत नाही, काका."

"मंग हे कायले आनलं नागपुरावरून?"

"आला तर ही जागा कशी हलेल, ते सांगतं."

"म्हंजे पाहुना कवा येनार ते ठाऊक नाई, पन आल्यावर कोनत्या खाटेवर बसन ते ठाऊक हाय!" सगळे हसले. आई काठी टेकत आली होती, ती मात्र हसली नाही. "तुह्या बापानं टाकलेली माती हाय. थे का हलते?"

"हलते व आई. सगळीच हलते."

मी यंत्र सुरू केलं आणि कोपऱ्यावरच्या बोअरची मोटार बंद करायला सांगायला गेले. परत येऊन लांबच बसले. वेळ भरल्यावर आलेख पाहिला. इतकं मोठं डोलणं मी कुठल्याही गावात पाहिलं नव्हतं. मध्येच एक झटका दिसत होता, तो कुणाच्या पावलाचा असेल म्हणून मी वगळला. समितीचे लोक तोंडाकडे बघत होते. मी बोलून गेले, "जागा फार वाईट दिसते." काकांचा चेहरा उतरला. आई घराकडे वळली. मग मी यंत्र उचलायला वाकले, तर त्याच्या पायांखाली चार घड्या घातलेलं पांढरंशुभ्र कापड.

"हे कुणी ठेवलं?"

"मी," काका म्हणाले. "उघड्या जमिनीवर कसं ठेवाव? विहाराच्या कामासाठी आलेली वस्तू हाय. आपन काहीबी ठेवतो तं कापड टाकूनच ठेवतो न."

मला हसू आलं आणि रडूही. यंत्रानं त्या कापडाचं डोलणं मोजलं होतं. पण कापडापेक्षा मोठी चूक माझी होती. यंत्र न तपासता मी निकाल दिला होता, आणि तो ऐकून आई घरी गेली होती. मी तिथेच सगळ्यांना सांगितलं की मघाचं माझं बोलणं धरू नका, मला अजून ठाऊक नाही.

दुसऱ्यांदा रविवारी वंदनेनंतर मोजलं. सगळी गल्ली सतरंज्यांवर मांडी घालून बसली. बायांनी लेकरांना मांडीत दाबून धरलं. "हालू नको बे, मशीनले समजते." काका पार टोकाला, हात छातीशी बांधून. "मी काहीच नाई करून राहिलो, बाई, पाहून घे," ते दुरूनच म्हणाले, आणि कुणीतरी त्यांना "चूप बसा, तुमचाच आवाज येऊन राहिला" म्हणून दटावलं. इतकी माणसं माझ्या कामासाठी गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

या वेळी आलेख सरळ होता. जागा भयंकर नव्हती, पण चांगलीही नव्हती. आपली जमीन साधारण त्याच ठेक्यात डोलते ज्या ठेक्यात दोन मजली इमारत डोलते. वस्तीच्या सभेत हे कसं सांगायचं याची मला धास्ती होती. शेवटी मी कावड आणायला सांगितली, दोन्हीकडे मातीची टोपली अडकवून. एकानं ती खांद्यावर घेतली. बांबू ज्या ठेक्यात लवतो त्याच ठेक्यात पाऊल टाकलं की टोपल्या उसळायला लागतात. पाऊल बदललं की निवतात. "जमीन म्हणजे बांबू," मी म्हणाले, "आणि दुसरा मजला घेतला की आपलं पाऊल त्याच्या ठेक्यात पडतं."

"म्हंजे वरची खोली नाई," कुणीतरी म्हणालं. "आपल्याकडे भुकंप येतच नाई, पोरायची खोली काहून मारता?"

हाच प्रश्न मीही स्वतःला विचारत होते. मोठा धक्का कदाचित कधीच येणार नाही. न येणाऱ्या धक्क्याच्या भीतीपायी मी तुमचा जिना काढून घेत होते का? मी म्हणाले, येईल की नाही हे मला ठाऊक नाही. आला तर वरच्या खोलीत पोरं असतील, एवढंच ठाऊक आहे. समितीनं बोलावलेल्या इंजिनिअरनं सांगितलं की इथे दोन मजले उभे राहू शकतात, पण त्याला लागणारा पाया आपल्या आवाक्यातला नाही. एकच मजला घेतला, पाया गाळाच्या खाली मुरमापर्यंत नेला आणि भिंतींना काँक्रीटचे पट्टे बांधले, तर चिंता नाही. मग काका उठले. "वर नाई तं मांगं. जागा लांबट हाय. अलग दरवाजा, जाड भिंत. अभ्यास का जिना चढल्यावरच होते?"

तसंच ठरलं. आता पायाचे खड्डे खणून झाले आहेत. काल मी त्यांत उतरले. वरचा थर तुमचा: विटांचे तुकडे, छपराच्या कवेलूंचे तुकडे, कारखान्याची काळी राख, मध्येच बांगडीची काच. त्याखाली बोडीचा गाळ, आणि तळाशी पिवळसर मुरूम, हातोडा मारला तर खण्ण वाजणारा. अहवालात मी वरच्या थरापुढे नियमाप्रमाणे 'भराव' लिहिलं. मागच्या खोलीच्या आखणीवर उभं राहून आईनं विचारलं, "खिडकी कोनत्या बाजूनं?" पूर्वेला म्हटलं, तर मान हलवली. दिवाळीपर्यंत छत घालून होईल असं म्हणतात.

एक गोष्ट अहवालात नाही. आपल्या जागेचं मी तिसऱ्यांदाही मोजमाप घेतलं. त्याची गरज नव्हती. दुसरं अगदी नीट होतं. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी, वस्ती धानाच्या रोवण्याला गेलेली असताना, मी एकटीच यंत्र घेऊन गेले, तुमचा जिना वाचेल असं काही वेगळं निघतं का ते पाहायला. माझ्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी त्याला रागावले असते. निकाल तोच आला. खरं तर थोड्याच वेळात तो मला कळला होता. तरी मी यंत्र बंद केलं नाही; तुम्ही टाकलेल्या मातीवर पूर्ण वेळ गप्प बसून राहिले, आणि मला बरं वाटत होतं. हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं.