मयताच्या घरचं भाडं

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहिलं आणि वाटलं, खोडून टाकावं का? राहू दे. पंचेचाळीस वर्षांची सवय आहे, एका दिवसात सुटायची नाही.

तू जाऊन तीन महिने झाले. रडायचं तेवढं रडून घेतलं आणि गोडाऊनची किल्ली कमरेला लावून मी कामाला लागले. पत्रबित्र लिहायचं मनातसुद्धा नव्हतं. आज लिहितेय, कारण मला तुझ्याशी भांडायचंय आणि तू समोर नाहीस. वहिनीशी भांडावं तर ती रडायला लागते. मग कोणाशी भांडू? खुर्च्यांशी?

परवा दुपारी सुखदेव आला होता. आपल्या जानेफळच्याच शिवारात टमाटे आणि सोयाबीन करतो तो. त्याच्या आईच्या तेरवीचा मंडप मागच्या दिवाळीनंतर आपणच टाकला होता. खाली बसलासुद्धा नाही. शर्टाच्या खिशातून पैसे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, “ताई, दादाचे बाराशे राह्यले होते. मायच्या तेरवीचे. म्हने, सोयाबीन निंघाल्यावर दे. सोयाबीन निंघालं, पन थे नाई राह्यले. मेल्या मान्साचे पैसे कायले ठेवा घरात?”

मी हसले, दादा! खरंच हसले. म्हटलं, “सुखदेवभाऊ, तुमचा कायतरी घोटाया होऊन राह्यला. मयताच्या घरचं भाडं आपन घेत नाई. बाबाच्या टायमापासून नाई.”

तो पैसे माझ्याकडे सरकवत म्हणाला, “काऊन मस्करी करता ताई? समदेच देतात. अर्धे म्या पयलेच देल्ले होते, हे बाकीचे अर्धे.”

समदेच देतात. म्हणजे एकटा सुखदेव नाही. सगळे देतात, सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्या धंद्याचा हिशेब मी वीस वर्षं ठेवतेय, त्या धंद्यातली ही गोष्ट फक्त मलाच माहीत नाही!

तुला आठवतं का, बाबांनी चाळीस लोखंडी खुर्च्या आणि सहा सतरंज्यांवर बिछायत केंद्र सुरू केलं, तेव्हा त्यांचा एकच नियम होता? लग्नवाला हसत देतो, त्याच्याकडून घ्यायचं. रडणाऱ्याच्या दारात हात पसरायचा नाही. ताडपत्री, खुर्च्या, सतरंज्या, स्वयंपाकाचे गंज-पातेली, सगळं मयताच्या घरी फुकट. धंदा तुझ्यामाझ्यात अर्धा अर्धा करून दिला तेव्हाही त्यांनी दुसरी कुठली अट घातली नाही. भावकीत कुजबुज झाली, मुलीला कशाला अर्धा म्हणून. तूच सगळ्यांसमोर म्हणालास, “शोभीबिगर माह्या हिशेब कोन ठेवीन बे? मले त बेरीजबी येत नाई.” किती अभिमान वाटला होता मला! माझ्या बी.कॉम.साठी तू कॉलेज सोडून खुर्च्या उचलल्यास, हे मी कधी विसरले नाही. म्हणून तर तू सांगशील तो आकडा डोळे झाकून वहीत लिहीत गेले.

फुकट द्यायचं तर ते कुठून तरी भरून काढावं लागतं. खुर्च्या मोडतात, ताडपत्री फाटते, टेम्पोला डिझेल लागतं, मजूर पैसे घेतात. म्हणून मी लग्नाच्या दरात दर खुर्चीमागे आठ आणे जास्त धरायला लागले. ते आठ आणे मयताचे. तो माझा शोध होता, आणि त्याचा मला किती तोरा होता! गिऱ्हाईक म्हणायचं, ताई, दुसऱ्याकडं स्वस्त भेटते. मी ताठ बसून सांगायची, “भेटत असन. पन तुमच्या घरी वाईट येळ आली त आमी फुकट येतो, थो नाई येत.”

हे मी कोणाकोणाला सुनावलं असेल! ज्याच्या बापाच्या दहाव्याचे पैसे तू आदल्याच महिन्यात घेतले होतेस, त्यालाही सुनावलं असेल. तो काय समजला असेल मला? बाई बसल्या जागी धडधडीत खोटं बोलते, असंच ना? त्यांनी लग्नाचे जास्त दिले आणि मयताचेही दिले. दोन्हीकडून घेतलं आपण, दादा. आणि वर मी उपकाराची भाषा केली.

सुखदेव गेल्यावर मी वही उघडली. मयताच्या प्रत्येक घरासमोर माझ्या अक्षरात ‘निरंक’ लिहिलेलं आहे. पानंच्या पानं निरंक. ती वही हातात घेऊन मी तशीच वहिनीकडे गेले.

वहिनीने काही लपवलं नाही, एवढं तिच्या बाजूने सांगते. चहा ठेवता ठेवता म्हणाली, “मले मालूम होतं ताई. लॉकडाऊनपासून.”

लॉकडाऊन! लग्नं बंद झाली, चारशे खुर्च्या गोडाऊनमध्ये धूळ खात पडल्या आणि टेम्पोचा हप्ता मात्र थांबला नाही. तेव्हा मी काय केलं होतं आठवतं? जुन्या लग्नांची थकबाकी काढली. कोणाकडे किती राहिले, किती दिवसांचे, सगळी यादी करून तुझ्या हातात दिली. तू गाडीला किक मारून जायचास आणि संध्याकाळी नोटा आणून टेबलावर ठेवायचास. “घे. पाटलाचे वसूल झाले पाय. तू काऊन चिंता करतं? मी हाओ ना!” मी पाटलांच्या नावापुढे बरोबरची खूण करायची. असे एकेक करून सगळे बुडवे माझ्या यादीतून मोकळे झाले. शिस्तीत वसुली केली की छोटा धंदा कसा तरतो, हे मी बचत गटाच्या बायांना शिकवायलासुद्धा गेले होते, दादा!

वहिनीने आता सांगितलं, पाटलांनी एक रुपया दिला नव्हता. कोणीच दिला नव्हता. ते पैसे त्याच आठवड्यात ज्यांच्या घरी मयत झालं होतं त्यांचे होते. मी पाटलांना बाजारात थांबवून म्हटलं होतं, “वाईट टायमात तुमी पैसे देल्ले, लय आधार झाला.” तेही सरळ “हाव, हाव” म्हणून पुढे गेले. मग घरी जाऊन किती हसले असतील!

लग्नवाल्या मोठ्या लोकांच्या दारात जाऊन मागायची तुझी छाती झाली नाही, हे मी समजू शकते. पण मग तू कोणाकडे गेलास? ज्याच्या घरात मयत आहे तो भाव करत नाही, म्हणून त्याच्याकडे गेलास. आणि तेही त्या दोन वर्षांत, जेव्हा एकेका घरातून दोन दोन माणसं जात होती. कसं मागितलंस रे? अंगणात उभं राहून? की मुलाला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून?

मला का नाही विचारलंस? याचा राग सगळ्यात जास्त आहे. मी काय देवळातला नियम धरून बसले असते का? मी हिशेब बघणारी बाई आहे. पोटाला नाही तर नियम बदलावा लागतो, एवढं मला कळतं. मीच म्हटलं असतं, दादा, घेऊ. अर्धा दर घेऊ, पाटीवर लिहून घेऊ, पावती देऊन घेऊ. लोकांनी समजून दिले असते. तू मला फक्त खूण करायला ठेवलंस. अर्ध्या धंद्याची मालकीण आणि अक्कल शून्य!

बरं, लग्नं सुरू झाल्यावर तरी थांबायचं होतंस! सुखदेवची आई तर आत्ता मागच्या वर्षी गेली. मी वहिनीला विचारलं, “मंग नंतरचे पैसे कुठी गेले?” तिने बोट वर केलं. तुमच्या वरच्या खोलीचा स्लॅब. त्या खोलीच्या वास्तुशांतीला मी कमरेला पदर खोचून शंभर माणसांची पंगत वाढली होती.

आणि तो सत्कार! गावाने आपल्याला शाल-श्रीफळ दिलं, मयतीला फुकट सेवा देणारं घर म्हणून. शाल माझ्या खांद्यावर टाकली, कारण तू म्हणालास, “शोभीले द्या, मी काय, हमाल मानूस.” मी माईकवर बाबांचं नाव घेतलं आणि बोलता बोलता रडले. तू पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होतास. तुझ्या मागे बसलेल्यांमध्ये किती जणांनी तुझ्या हातात पैसे ठेवले होते? तेही टाळ्या वाजवत होते. कोणी एक शब्द बोललं नाही. आपल्या गावाची माणसं चांगली आहेत की मी फार मोठी वेडी आहे, मला कळत नाही. ती शाल मी काल ट्रंकेच्या तळाशी ढकलून दिली.

पैसे परत करायचे ठरवलंय. कोणी किती दिले ते वहीत नाही, पण लॉकडाऊनपासूनची घरं सगळी आहेत. एकशे सदतीस. नव्या मंडपासाठी बाजूला ठेवलेली रक्कम आहे, ती आधी काढेन. उरलेले माझ्या वाट्याच्या नफ्यातून दर महिन्याला थोडे थोडे. वहिनीला सांगितलं तर तिने माझे दोन्ही हात धरले. “पैसे द्या ताई, माह्या वाट्याचेबी द्या. पन कायचे थे नोका सांगू. मेल्यावर तरी त्याईले चोर नोका म्हनू. पोरीच्या सोयरिकीचं चालू हाय.”

मी हात सोडवून घेतले आणि वही उचलून घरी आले.

आज सकाळी काशीबाईंकडे गेले. त्यांचे मालक दुसऱ्या लाटेत गेले, ते तुला माहीतच आहे. किती दिले होते विचारलं तर दोन हजार म्हणाल्या. मी नोटा त्यांच्या हातावर ठेवल्या. रस्ताभर वाक्य घोकत गेले होते, दादानं तुमच्याकडून घ्यायला नको होते, त्यानं तुम्हालाही फसवलं आणि मलाही. तोंड उघडलं आणि काय बाहेर पडलं सांगू?

“दादा जातानी मले सांगून गेला, काशीबाईचे पैसे वापस कर म्हने.”

काशीबाईंनी नोटा मांडीवर सरळ केल्या. मग म्हणाल्या, “माह्या मंगळसूत्राच्या वाट्या मोडून देल्ले होते बाई. म्हटलं, मालकच नाई, त वाट्या कायले? जीव जाता जाता आठोन ठेवली त्यानं माही!” आणि त्यांनी त्या नोटा कपाळाला लावल्या. “देवमानूस होता तुहा भाऊ.”

ऐकतोस ना? मेल्यावरही मी तुझं काम करून आले! वाट्या काशीबाईंच्या मोडल्या, पैसे माझ्या खिशातून गेले आणि देव तू झालास. त्यांच्याकडचा चहा पिऊन परत आले, जसा तू घरोघरी पीत असशील.

दिवसभर गोडाऊनमध्ये बसून होते. वहिनी दोनदा डोकावून गेली. तिची भीती खोटी नाही, पोरीचं मलाही कळतं. पण काशीबाईंना मी जे बोलले तेच आणखी एकशे छत्तीस घरी बोलले, तर तुझ्यात आणि माझ्यात फरक काय राहील? तू निदान पोटासाठी सुरू केलंस. मी कशासाठी करतेय? तुझ्यावर अजून जीव आहे म्हणून? आहे, दादा. त्याचाच तर संताप येतो.

तेव्हा तुला वचन देते, आणि माझं वचन माझ्या हातच्या हिशेबाइतकंच पक्कं समज. प्रत्येक घरी जाईन, पैसे देईन आणि दादानं घेतले, मी वापरले, असं सरळ सांगेन. पोरीच्या होणाऱ्या सासरी कळलं तर त्यांच्यासमोरही मीच बसेन, वहिनीला बसू देणार नाही. पण उद्या आधी काशीबाईंकडे परत जाणार आहे. पैसे त्यांच्याजवळच राहतील. तुझं देवपण तेवढं मागून आणायचंय.

तुझीच,
शोभी