उलटं चढणारं पाणी

३ नोव्हेंबर, सोमवार
निपाणी सोडली ते बरंच झालं. शिवाजीनगरात, बस स्टँडमागच्या तळघरात काम लागलं. बसून करायचं, वर दोनदा चहा. खाणीतून काढलेल्या कोळशाच्या कांड्या उघड्या पेट्यांत छतापर्यंत रचल्यात. काही घट्ट डब्यांत आहेत. डब्याची नळी पाण्यानं भरलेल्या, उलट्या धरलेल्या आकड्यांच्या काचेत सोडलेली. कोळशातून वायू सुटला की काचेतलं पाणी खाली जातं. कुठवर गेलं ते मांडायचं. चौथी शिकलेल्या बाईला एवढं जमतं.

५ नोव्हेंबर
कोळसा तपासणाऱ्या वसुमती मॅडमनी समजावलं. हे मूळचं जंगल. दलदलीत बुडालं, वर गाळ बसला, दाबून कोळसा झाला. पुढं जमीन चिरली, एक बाजू घसरली. चिरेजवळचा थर भरडून पीठ झाला, त्यात वायू कोंडला. खाणीत तिथं यंत्र लागलं की थर माणसांच्या अंगावर फुटतो. सात नंबरचा डबा त्या चिरेतला.

७ नोव्हेंबर
सातचं पाणी उलटं चढतंय. डबा वायू सोडत नाही, हवा ओढतोय. इथलं काम बघणाऱ्या गुरुराज साहेबाला सांगितलं. म्हणतो, अक्का, पाणी नाही, तुझ्या डोळ्यांचा नंबर चढलाय, चष्मा घे. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते मी. मॅडम खाणीवर गेल्यात, फोन लागत नाही.

१० नोव्हेंबर
सगळेच डबे ओढतायत. मग उघड्या पेट्यांतला कोळसाही खोलीतली हवा ओढत असणार. भिंतीवरची पाल खाली पडली, मेलेली. डोकं ठणकतं. आत हवा पुरत नाही म्हटलं, तर साहेब म्हणतो, बाहेरची हवा घुसते म्हणूनच आकडे चुकतात. दाराच्या फटींना रबर लावून घेतलं. मी काय बोलते, हा काय ऐकतो.

११ नोव्हेंबर
दार आता आपोआप घट्ट बसतं, आतून ओढल्यासारखं; बाहेर ढकलायला जोर लागतो. तासातासाला आकडा हवा, नाहीतर उद्या येऊ नको म्हणाला. निपाणीला कुठल्या तोंडानं परत जाऊ?

१२ नोव्हेंबर, दुपार
दार आतून उघडेना. ठोकून हात सुजले. रेंज नाही. वॉचमन मंजुनाथ जेवायला—
सातची काच भरली. पाणी नळीत. डब्यात घुटके—
छतापर्यंत कोळसा, सगळा ओढतोय. बसूनच लिहिते, उभं राहवत—
आकडा बरोबर होता. माझाच—
मंजुनाथ, मला पडलेली बघून आत धावू नको. आधी दाराला काहीतरी लाव, उघडं ठेव, मग—