टबातला जमादार

बल्लारपूर,
दिवाळीच्या तोंडावर, २००४

प्रिय भाग्यश्री,

सुनेला पत्र लिहिताना सासवा 'चि. सौ.'पासून सुरुवात करतात. मी ते मुद्दाम लिहिलेलं नाही. आमच्या घरात यायच्या आधी तू नुसती भाग्यश्री होतीस, आणि हे पत्र तिला आहे. घाबरू नको, इथे सगळे धडधाकट आहेत. तुझ्या सासऱ्यांचा खोकला आहे तसाच आहे, तरी पहाटे जाळं घेऊन वर्धा नदीवर जाणं काही सुटत नाही. तुझ्या हाताचं प्लास्टर निघालं असेल. बोटं नीट वळतात का ते कळव. तू परत कधी येणार, असं गल्लीतली प्रत्येक बाई मला विचारते. मी मात्र तो प्रश्न तुला विचारणार नाही.

आधी तुझ्या माशांची खबर. पहिल्या दिवाळीला निकेशने तुझ्यासाठी चंद्रपूरहून ती काचेची टाकी आणली, तेव्हा मी किती बडबडले होते, आठवतं? जन्म गेला मासे पकडण्यात, विकण्यात आणि खाण्यात, आता त्यांनाच दाणे घालून पोसायचं! घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पण तुम्ही दोघं कोपरापर्यंत हात बुडवून त्यात दगड रचत होता, आणि निकेश तुझ्याकडे बघून हसत होता. तो दिवस चांगला होता. तो मी विसरलेले नाही, तूही विसरली नसशील. 'सिक्लिड' म्हणतात म्हणे या जातीला. तुझ्या सासऱ्यांनी काचेला नाक लावून पाहिलं आणि म्हणाले, "अवं, हे तं आपल्या चिलापीचीच भावकी हाय." चिलापी भांडखोर असते हे आम्हा ढिवरांच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्या मोठ्या निळ्या नराचं रूपच असं की सगळे भुललो. तूच त्याचं नाव जमादार ठेवलंस. घरी पाहुणा आला की आधी त्याचीच तारीफ व्हायची.

पोळ्यानंतर तू माहेरी गेलीस आणि दाणे टाकायचं काम माझ्याकडे आलं. चष्मा लावून बसायचे आणि बघायचे. नर ओळखणं सोपं आहे. रंग गडद, पाठीवरचा पर टोकदार, पोटाखालच्या परावर पिवळे ठिपके. पण त्यातला मारका कोणता, हे त्याच्याकडे बघून कळत नाही गं, त्यासाठी बाकीच्यांकडे बघावं लागतं. तुझी ती पिवळी हळदी हवेच्या नळीच्या मागे, पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात उभी असायची. शेपटी झिजलेली. दाणे पडले तरी जागची हलायची नाही. भूक नव्हती असं नाही, जमादाराचं पोट भरेपर्यंत तिला पुढे यायचीच चोरी. ते बघता बघता मला तू दिसलीस. गल्लीच्या तोंडाशी निकेशच्या मोटरसायकलचा आवाज आला की तू हातातलं ताट घेऊन कपाटाच्या आडोशाला जायचीस. मला वाटायचं, नवऱ्यासमोर जेवायला लाजते पोरगी. त्या दिवशी माझ्या हातातले दाणे हातातच राहिले.

आमच्यात मासा सुस्तावला की त्याला वेगळ्या घमेल्यात, ताज्या पाण्यात ठेवतात, बाजारापर्यंत जिता राहावा म्हणून. मीही तेच केलं. हळदीला उचललं आणि घमेल्यात ठेवलं. दोन दिवसांत तिला जरा तरतरी आली, पण टाकीत जमादार आता दुसऱ्या मासोळीच्या, त्या पांढऱ्या पिठीच्या मागे लागला. पिठीला काढायचा विचार करेपर्यंत ती सकाळी पाण्यावर तरंगताना दिसली. मग मात्र मी हळदीला स्टीलच्या डब्यात घातलं, झाकणाला भोकं पाडली आणि चंद्रपूरची गाडी पकडली. रेल्वेच्या डब्यातल्या बायांनी माझी काय थट्टा केली म्हणतेस! "काय वं कुंता, येवढ्याशा मासोळीची भाजी कोण खाईन?" मी म्हटलं, औषधाला नेते आहे, तर आणखीच हसल्या.

निकेशने टाकी आणली त्या दुकानातल्या चैतूने डब्यात नुसतं डोकावलं आणि मलाच झापलं. "बाई, मार खाणाऱ्याले काऊन बाहेर काढता? मारणाऱ्याले काढा ना! त्याले पंधरा दिवस टबात ठेवा. तवर टाकीतले दगड सारे इकडचे तिकडे करा. मंग त्याले सगळ्यायच्या शेवटी सोडा. जागा त्याची राह्यली नाई, तं दादागिरी बी राहत नाई. तरी नाई सुधरला, तं माह्या इथी आणून द्या." भाग्यश्री, त्याचं खरं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! तुझा हात मोडला तेव्हा घरात बसून सगळ्यांनी हेच ठरवलं होतं ना? पोरीला चार दिवस माहेरी धाडा, तोवर पोरगा निवळेल. तू सगळ्यांना सांगितलंस, न्हाणीत पाय घसरला. न्हाणी त्या दिवशी कोरडी होती. मीच तिथे लाकडं रचून ठेवली होती.

घरी आले आणि जमादाराला अंगणातल्या निळ्या टबात टाकलं. हवेची नळी लावून दिली, दाणेही घालते, उपाशी ठेवलेलं नाही. टाकीतले दगड हलवले. आता हळदी मधोमध येऊन खाते, शेपटीला नवी कोर फुटली आहे.

मागच्या रविवारी तुझे मोठे सासरे गुणवंतराव आले. म्हणाले, दिवाळी आली, सुनेला घेऊन या, निकेश आता थंड झाला आहे. निकेश शेजारीच बसला होता, मान खाली घालून, अगदी गुणाचं पोर. मी चहा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे कपडे बॅगेत भरले आणि बॅग ओट्यावर ठेवली. त्याला वाटलं, माय गंमत करते. मग डोळे लाल करून म्हणाला, "माय, सुनेसाठी पोटच्या पोराले घराबाहेर काढून राह्यली तू?" मी म्हटलं, "हो, काढून राह्यली. घर माह्या बापानं मले देल्लं हाय." तुझे सासरे वर्षात चार वाक्यं बोलतात, तुला माहीतच आहे. ते उठले, बॅग मोटरसायकलला बांधली आणि म्हणाले, "माय सांगते तसा कर." निकेश सध्या चंद्रपूरला त्याच्या दोस्ताच्या, खुशालच्या खोलीवर राहतो आणि तिथूनच कामावर जातो. तो गेल्यावर मी चुलीपुढे बसून खूप रडले. माझा एकुलता एक आहे गं. मरळीचा रस्सा केला की हात अजून त्याचा वाटा वेगळा काढतो.

तुमच्या खोलीची कडी आतून लागत नव्हती, ती नवी बसवून घेतली. तुझी शिलाई मशीन मागच्या पडवीतून पुढच्या खोलीत खिडकीशी आणली, टाकीही तिच्या शेजारी ठेवली. त्याचं कपाट पडवीत गेलं. तुला यायचं असेल तर निरोप दे, तुझे सासरे घ्यायला येतील. तिकडेच राहायचं असेल तर मशीन ते पोहोचवतील आणि मासे मी डब्यात घालून घेऊन येईन. बायांच्या हसण्याची आता सवय झाली आहे.

आणि एवढ्याचसाठी हे पत्र लिहायला बसले. दगड हलवले की मासा सुधारतो, असं चैतू म्हणतो. माणसाचं मला ठाऊक नाही. निकेशला मी जन्म दिला, तरी त्याच्याबद्दल तुला शब्द द्यायची माझी हिंमत होत नाही. चैतूने सांगितलेले पंधरा दिवस कधीच उलटले, पण जमादार अजून टबातच आहे. त्याला परत आत सोडायचं की चैतूला देऊन टाकायचं, हे तू सांगायचं. निकेशचंही तूच सांगायचं. तू हो म्हणालीस तर तो येईल, सगळ्यांच्या शेवटी. नाही म्हणालीस तर त्याच्यासाठी दार उघडायला मी उठणार नाही.

तुझीच,
कुंता