विमानाला आडवा आलेला बांध

वालूर, भाद्रपद वद्य सप्तमी, १९८४

तीर्थस्वरूप दादांस,

धाकटा भाऊ भुजंग याचे नमस्कार. सात वर्षांचे साचलेत, एकदमच घ्यावेत. परभणीचं पाणी तुम्हाला मानवत असेल. वहिनींचे गुडघे दुखतात असं कळलं (मी विचारत नाही, बाजारात लोक बोलतात आणि मी तिथंच उभा असतो).

पत्रास कारण, ज्या बांधापायी आपण बोलणं सोडून कोर्टात गेलो, तो बांध आता नाही. रागावण्याआधी पुढचं वाचावं. गेल्या मंगळवारी कापसावर औषध फवारणारं विमान गावावरून फिरत होतं. ते दोनदा खोकलं आणि एकदम गप्प झालं. पायलट दिनकरराव मोठा थंड डोक्याचा माणूस. त्यानं आधी विमानाच्या पोटातलं सगळं औषध खाली सोडून वजन हलकं केलं (ते आपल्या बोरीवर पडलं, ती अजून पानं गाळतेय), मग विमानाचं नाक वर ओढायचं सोडून उलट खाली दाबलं. नाक वर धरलं तर वेग मरतो आणि विमान धोंड्यासारखं पडतं, असं त्यानं नंतर पिठलं खाता खाता सांगितलं. इंजिन गेल्यावर मागं वळायचं नाही, समोर सपाट दिसेल ते रान धरायचं. त्याला माझं मूग काढलेलं रान दिसलं. वाऱ्याला तोंड करून उतरला आणि बांधाच्या सहा हात अलीकडं थांबला. तुमच्या धाकट्या भावजयीनं, मनकर्णानं, आधी पायलटला पाणी दिलं, मग पंख्याला कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी जीपमधून मिस्त्री आला. पेट्रोलच्या नळीत कचरा निघाला. इंजिन सुरू झालं, पण उडायला रान दुप्पट लांब लागतं, आणि पुढं तुमचं रान. पायलटनं विचारलं, बांध कोणाचा? तुमचा वाटेकरी लिंबाजी म्हणाला, "कोर्टाचा हाय." सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. शेवटी माणुसकी म्हणून मी बांध फोडून दिला. विमान दोन्ही रानं ओलांडून चिंचेवरून गेलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूळही बरीच होती.

आपला,
भुजंग

ता.क. बांध मी फोडला हे तितकंसं खरं नाही. मी त्याच्यावर आडवा झोपलो होतो. मनकर्णा कुदळ घेऊन आली आणि म्हणाली, "तुमी निजा निवांत, मी पायाकडून खणते." ती लय मनापासून खणत होती, म्हणून उठलो.

ता.क. दुसरा. ज्वारीची पेरणी तोंडावर आली. नवा बांध दोघा भावांनी समोर उभं राहून घालावा, असं तलाठी म्हणतात. रविवारी या. वहिनींसाठी सेलूच्या स्टेशनावर बैलगाडी पाठवतो, गादी टाकून.

ता.क. तिसरा. तलाठ्याला मी विचारलेलं नाही. बांध कुठं होता ते मला डोळे मिटूनही सांगता येतं. तरी या.