जोडीदारासाठी

३ फेब्रुवारी
क्लॅमिडिया. घरी येईपर्यंत शब्द घोकत आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर्रास आढळतं. सात दिवस गोळ्या घेतल्या की बरं होतं." कशानं होतं? "शरीरसंबंधातून." सर्दीबद्दल बोलावं तसं बोलल्या.

मला दुसरं कोणी नाही. म्हणजे नवऱ्याकडूनच. आणि त्याला कुणाकडून, ते सांगायला ज्योतिषी नको – त्याची पहिली बायको! लग्नाला अकरा महिने झाले, दोघांचंही दुसरं. पण दर शनिवारी लेकीला भेटायला म्हणून पहिलीकडे जातो आणि दोन-दोन तास तिथेच. चहा घेतला म्हणे.

बाईंनी एक तपकिरी पाकीट दिलं, वर 'जोडीदारासाठी'. आतली चिठ्ठी दाखवली की त्याचीही तपासणी आणि गोळ्या. पत्ता लिहून घेताना त्या जरा थबकल्या. "दोघांनी बरोबर औषध घ्या, तोवर लांब राहा. नाहीतर पुन्हा होईल."

पाकीट शिलाई मशीनच्या खणात टाकलं.

४ फेब्रुवारी
नाही देणार. त्याला त्रास होऊ दे, मग आपणहून कबूल करेल.

७ फेब्रुवारी
शनिवार. अडीच तास! परत आला तो शर्टाला नवं बटण. मी दिवसभर दुकानात लोकांचे कपडे उसवते, शिवते, आणि माझ्या नवऱ्याचं बटण ती लावणार? शर्ट निळा, धागा काळा. टाका धड नाही. अंगाचा तिळपापड झाला.

"लेकीनं लावलंय," म्हणाला. नऊ वर्षांची आहे ती. मी मान डोलावली आणि बटण उसवून पुन्हा लावलं.

१५ फेब्रुवारी
गोळ्या मंगळवारीच संपल्या. पोटातलं दुखणं थांबलं.

दुपारी मीच त्याला जवळ ओढलं. बाईंचं बोलणं आठवत होतं. पण काल तिकडून गुणगुणत आला होता, आणि मला तिला दाखवायचं होतं की हा माझा आहे. ती बघायला होती कुठे? मूर्ख आहे मी.

२ मार्च
ह्याला काही म्हणजे काही त्रास नाही. उलट मलाच विचारतो, "मास्तर हल्ली रोज सोडायला येतात तुला?" जानेवारीपासून तेच टुमणं. आमचे कटिंग मास्तर साठीचे आहेत. विषय बदलायला बरा सुचतो.

१२ मे
तीन महिन्यांनी तपासणी. पुन्हा तेच.

"पाकीट दिलंत ना?"
"हो." धडधडीत खोटं. बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुरुषांना बरेचदा काही जाणवत नाही. बायकांनाही नाही. महिनोन्‌महिने, कधी त्याहून जास्त अंगात राहतं. कुणाकडून कुणाला आलं, ते तपासणीत कळत नाही. पण असं वारंवार झालं तर गर्भनलिकांना इजा होते. मग दिवस राहणं अवघड."

चौतीस वर्षांची आहे मी. मला मूल हवंय. तिला आहे.

महिनोन्‌महिने, त्याहून जास्त. मग लग्नाआधीचंही असेल? त्याचं? की माझं? माझा पहिला नवरा काही साधुसंत नव्हता. तीन महिन्यांत एकदाही हा विचार मनाला शिवला नाही, इतकी मी तिच्या दाराशी कान लावून बसले होते.

१३ मे
तोंडानं सांगणं जमायचं नाही. हा लिफ्ट दुरुस्त करतो, हत्यारांच्या पिशवीची चेन कधीची तुटलीय. शिवून देते म्हटलं की "राहू दे" म्हणतो. उद्या त्याला सुट्टी आहे, लेकीच्या शाळेत प्रवेशाच्या कामाला जाणार आहे. पिशवी घरीच. चेन लावीन आणि पाकीट आत ठेवीन.

१४ मे
पिशवीच्या तळाला, पुठ्ठ्याखाली, एक पाकीट. तपकिरी. 'जोडीदारासाठी'. तारीख १२ जानेवारी, आतल्या चिठ्ठीवर रुग्ण म्हणून ह्याचंच नाव. सोबत गोळ्यांची रिकामी पट्टी.

मास्तरांबद्दल का विचारत होता, ते आत्ता कळलं.

दोन्ही पाकिटं टेबलावर शेजारी शेजारी ठेवलीत. सहापर्यंत येईल.