हात आवरण्याची परीक्षा

ती. सौ. मोठ्या जाऊबाईंना,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतंच. कंबर सध्या वाकत नाही, वाकलीच तर सरळ होत नाही.) तुमची ॲसिडिटी कशी आहे? दादांचा गुडघा? नव्या घरातली पाहुण्यांची खोली वर्षभर बंदच असते असं कानावर आलं. वापर नसला की खोल्यांना कुबट वास येतो म्हणतात. असो.

या वयात कसलं डोंबलाचं ट्रेनिंग, असं तुम्ही फोनवर विचारलं होतं, आणि उत्तर द्यायच्या आत तुमच्या कुकरची शिट्टी झाली. तर आता सविस्तर सांगते. नर्सिंगला मला लग्नाआधीच प्रवेश मिळाला होता. मग लग्न ठरलं (मला बघायला तुम्हीही आला होतात आणि एकही प्रश्न न विचारता नुसत्या खात होतात, म्हणून तर तुम्ही मला आवडलात), मग मुलं झाली, मग मामंजी अंथरुणाला खिळले. त्यांचं सगळं मी केलं, हे तुम्हाला माहीत आहे, सणावारी येऊन तुम्ही पाहिलंच आहे. ते गेले आणि इथल्या हॉस्पिटलने काम करता करता शिकवायची योजना काढली. पास झालं तर वॉर्डात कायमची नोकरी आणि पुढचा नर्सिंगचा कोर्सही तेच करवून घेणार. मला वाटलं, आपल्याला हे काय शिकवणार? आपणच चार गोष्टी शिकवून येऊ. बॅचमधल्या सगळ्या पोरी मला मावशी म्हणतात. शिकवणारी सिस्टरही म्हणायला लागली होती, तिला मात्र मी थांबवलं.

माझ्या वाट्याला एक निवृत्त बस कंडक्टर आले. उजवा हात अर्धवट चालतो, तोंड पूर्ण चालतं. मी त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपलं. भरवलं, पुसलं, भांग पाडून दिला, चष्मासुद्धा नाकावर मीच चढवायची. ते खूश होते. शेजारच्या खाटांवरचे पेशंट मला बोलवायला लागले, तेव्हा मी मनातल्या मनात नोकरीचा पहिला दिवससुद्धा उरकून घेतला.

परीक्षेत त्यांनाच शर्ट घालायचा होता. मी डोळ्याचं पातं लवायच्या आत घातला, सगळी बटणं लावली, कॉलर नीट केली आणि शाबासकीसाठी वळून पाहिलं. परीक्षक बाईंनी भोपळा दिला. त्या म्हणाल्या, ‘‘हे गृहस्थ इथे आले तेव्हा चमचा स्वतः धरत होते. आता नुसता आ करतात.’’ मला तोंडात मारल्यासारखं झालं. जो हात पेशंट स्वतः हलवू शकतो, तो त्याचा त्यानेच हलवायचा, नर्सने फक्त शेजारी उभं राहायचं, असं म्हणे पहिल्याच धड्यात आहे. (पहिला धडा मी वाचला नव्हता. तो मला येतो असं वाटलं होतं.)

आता एकदाच फेरपरीक्षा आहे, त्यानंतर कायमचं घरी. तोवर मी कंडक्टरांसमोर हात पाठीमागे बांधून उभी असते. एकेक बटण लागायला पाच-पाच मिनिटं जातात. हात इतके शिवशिवतात की मी पदरालाच गाठी मारत बसते. ते तर सगळ्या वॉर्डाला सांगतात, आधीची मावशी बरी होती. त्यांना सांगावं तरी काय, की आधीची पण मीच. जाऊबाई, आयुष्यभर सगळ्यांचं करत आले, त्याने नाही थकले इतकी हे न करण्याने थकले आहे. दादांना नमस्कार.

आपली,
धाकटी

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. फेरपरीक्षा होईपर्यंत सासूबाईंना तुमच्याकडे न्याल का? मी निघायला चप्पल घातली की त्यांना चक्कर येते. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही. पण त्या कंगवा पुढे करतात, आणि मी वेणी घालत बसते. दिवसभर शिकलेलं सगळं घरी आल्यावर वाया जातं. खोली तुमच्याकडे आहेच.

ता. क. दुसरा. पत्र टेबलावर उघडं राहिलं आणि ते सासूबाईंनी वाचलं. तेव्हापासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. आता मला तुमच्याकडे पाठवायची वेळ येणार असं दिसतं.

ता. क. शेवटचा. आज सकाळी त्या स्वतः गॅसपाशी गेल्या. हात थरथरत होते, दूध ओट्यावर सांडलं. मी दाराशी उभी राहून ओठ चावत होते. ‘‘कामावर जाणाऱ्या माणसाने चहा घेऊन जावं,’’ असं म्हणून त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. या घरात मला आयता चहा कुणी दिला, तो आज पहिल्यांदा. साखर नव्हती. मी सगळा प्यायले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. त्यांना न्यायला येऊ नका, जाऊबाई. कंडक्टरांसमोर गप्प उभं राहणं मला एकवेळ जमेल, पण खरा सराव मला यांच्यासमोरच करायला हवा.